पत्रकाखालचा पत्ता

आमच्या स्वयंपाकघरात दोन वास कायम असायचे, एक फोडणीचा आणि दुसरा शाईचा. शाईचा वास सायक्लोस्टाइलच्या यंत्राचा. बाबांनी ते एका चर्चच्या तळघरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आणलं होतं. ऑफिसांत आणि शाळांत फोटोकॉपीची यंत्रं येऊ लागली होती, त्यामुळे ही हाताने फिरवायची यंत्रं लोक अडगळ म्हणून काढून टाकत होते. आई सांगायची, ते यंत्र दिसल्यावर बाबांचा चेहरा असा झाला जणू नागपूरहून सख्खा भाऊच भेटायला आलाय. ओट्याच्या टोकाला, तांदळाच्या पिंपाशेजारी त्याची जागा होती. हँडल फिरवलं की खटक-सर्र, खटक-सर्र असा आवाज यायचा, आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी वैतागून हीटरच्या पाइपवर चमचा बडवायची. आई त्याच ठेक्यात भाकरी थापायची. ज्वारीचं पीठ आणायला आम्ही न्यू जर्सीतल्याच आयसेलिन गावापर्यंत जायचो. तेव्हा तिथे देशी दुकानं मोजकीच होती आणि पीठ बहुतेक वेळा जुनं निघायचं. भाकरीला भेगा पडल्या की आई म्हणायची, "पिठाचा दोष आहे, माझा नाही," आणि बाबा म्हणायचे, "व्यवस्थेचा दोष आहे."

बाबा एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट होते, पण घडले होते नागपूरच्या वस्तीत, चळवळीत. अमेरिकेला येताना त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि पत्रकं जास्त होती: गुलाबी, पिवळी, काडीसारखी मोडणारी, वसतिगृहाच्या प्रश्नावरची, विहिरीच्या पाण्यावरची, शिष्यवृत्तीवरची. न्यू जर्सीत मराठी पुस्तकं मिळत नसत, म्हणून मी मराठी वाचायला शिकले ते या पत्रकांवरून. त्यामुळे माझ्या मराठीला मधली पट्टीच नव्हती. जेवताना मी म्हणायचे, "मी या भेंडीच्या भाजीचा जाहीर निषेध करते." आई म्हणायची, "निषेध कर, पण ताट स्वच्छ कर." माझं इंग्रजीही तसंच. उन्हाळ्याच्या सुट्टीवरचा निबंध मी 'झोपलेल्या नागरिकांनो, जागे व्हा' या वाक्याने सुरू केला होता, आणि शिक्षिकेने समासात लिहिलं होतं, 'सुट्टीत समुद्रावर गेलीस का?'

पत्रकाच्या बाबतीत बाबा फार कडक होते. मजकूर छापायच्या आधी आईला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि भाकरी थापणारा तिचा हात ज्या वाक्याला थांबेल ते वाक्य काढून टाकायचं, कारण ते तिला कळलेलं नाही किंवा पटलेलं नाही. आणि पत्रकाच्या खाली पूर्ण नाव आणि पत्ता हवाच. "ज्याला आपलं म्हणणं पटत नाही, त्याला आपलं दार सापडलं पाहिजे," ते म्हणायचे. निनावी पत्रक त्यांच्या लेखी चोरून मारलेला दगड होता. आज माझे भाचे खोट्या नावाने फोनवर वाटेल त्याला वाटेल ते लिहितात, तेव्हा मला बाबा आठवतात आणि माझा रक्तदाब वाढतो.

आम्ही राहायचो ते गाव तेव्हा वेड्यासारखं वाढत होतं. आधी पीचच्या बागा होत्या. एका वसंतात बुलडोझर आले, आणि पुढच्या वसंतात तिथे एकसारख्या घरांची रांग उभी, प्रत्येकासमोर हिरवळ आणि रस्त्याकडेला खांबावरची टपालपेटी. टेकडीवरची ती घरं इंजिनिअर-डॉक्टरांची, आणि टेकडीखालची विटांची अपार्टमेंट्स आमच्यासारख्या भाडेकरूंची. आमच्या इमारतीत व्हिएतनामहून आलेली कुटुंबं होती, दक्षिणेतून आलेली काळी कुटुंबं होती, एक पोलिश विधवा होती आणि आम्ही होतो. घर लहान होतं, पण खिडकीतून प्राथमिक शाळा दिसायची. मधे फक्त एक रस्ता आणि एक मैदान. माझा धाकटा भाऊ आनंद तिथे दुसरीत होता.

आनंदबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं होतं. घरात हा मुलगा अखंड बडबडायचा. शाळेच्या दारातून आत गेला की गप्प. एक अक्षर नाही. पहिलं अख्खं वर्ष त्याने शाळेत आवाज काढला नाही. आई रोज विचारायची, "आज बोललास का रे?" आणि तो म्हणायचा, "आज नको होतं." शाळेने त्याला मिसेस ब्रेनन नावाच्या शिक्षिकेकडे पाठवलं. बोलायला अडणाऱ्या मुलांसाठी तिची एक खोली होती आणि त्या खोलीत एक ससा होता. ब्रेननबाई आनंदला काही विचारायचीच नाही. ती आपली स्वेटर विणत बसायची आणि तो सशाजवळ. मग एका दुपारी तो सशाशी मराठीत बोलू लागला. सशाला तो रागावत होता, "अरे, सगळंच पाणी आजच पितोस का?" बाईने विणकाम थांबवलं नाही, मान वर केली नाही. काही आठवड्यांनी सशाशी इंग्रजीत बोलणं सुरू झालं, मग बाईशी, मग खोलीतल्या दुसऱ्या एका मुलाशी. वर्गात अजून नाही, पण त्या एका खोलीत माझा भाऊ बोलत होता.

आणि नेमकी तेव्हाच रेघ आली. गावच्या साप्ताहिकात नकाशा छापून आला. शाळेत मुलं मावत नव्हती, मैदानात तात्पुरत्या खोल्या उभ्या होत्या, म्हणून शाळा मंडळाने हद्दी नव्याने आखल्या होत्या. टेकडीवरच्या घरांतली मुलं बसने आमच्या समोरच्या शाळेत येणार, आणि आम्हा अपार्टमेंटवाल्यांची मुलं, ज्यांना घरातून शाळेची घंटा ऐकू येते ती, बसने गावाच्या दुसऱ्या टोकाला जुन्या इमारतीत जाणार. तिथे ब्रेननबाई नव्हती, तशी खोलीही नव्हती. बाबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि रेघेवरून बोट फिरवलं. रेघ मोठ्या रस्त्याने सरळ येत होती, आमच्या इमारतींपाशी एकदम आत वळत होती, त्यांना वळसा घालून पुन्हा रस्त्याला लागत होती.

"बघ," बाबा म्हणाले. "शीव."

एवढंच बोलले. त्यांचं लहानपण गावाबाहेरच्या वस्तीत गेलं होतं, नागपूरला ते नंतर आले. मला त्या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगितला नव्हता, तरी तो पूर्ण समजला. मी हायस्कूलमध्ये होते, गावात हायस्कूल एकच, तेव्हा माझं काहीच बिघडणार नव्हतं. तरी माझे कान तापले.

त्याच आठवड्यात जोगळेकर काकू आल्या. त्या टेकडीवर राहायच्या. काका हृदयाचे डॉक्टर, मूळचे पुण्याचे. महाराष्ट्र मंडळात आई-बाबांशी नीट बोलणाऱ्या ज्या थोड्या बायका होत्या, त्यांत काकू होत्या. इतर बायका आमचं आडनाव ऐकून जरा थांबायच्या आणि मग फार गोड हसायच्या. काकू तसं हसत नसत, सरळ भांडत. त्या दिवशी त्यांनी डब्यातून आळूवड्या आणल्या होत्या आणि बूट काढता काढताच बोलायला लागल्या.

"हे बघा, इतकं टेन्शन घेऊ नका. आमचा पत्ता टाका आनंदच्या नावापुढे. संपलं. सगळे करतात हो. आमच्या शेजारचे पटेल, त्यांच्याकडे कागदावर तीन भाचे राहतात. कोण बघतंय?"

आईचा चेहरा उजळला. मी तो पाहिला. बाबांनी आळूवडी बशीत परत ठेवली.

"वहिनी, तुमचे उपकार. पण आम्ही तिथे राहत नाही."

"अहो, म्हणूनच तर सांगतेय!"

"आम्ही इथे राहतो," बाबा म्हणाले. "इथे राहणाऱ्याला ही शाळा मिळाली पाहिजे. दुसऱ्याच्या घरात राहतो असं सांगून मिळाली, तर ती आम्हाला मिळाली नाही."

काकूंनी कपाळाला हात लावला. "भाऊसाहेब, तुम्ही ना, अगदी इम्पॉसिबल आहात."

त्या गेल्यावर आईने भांडी अशी घासली की पाइप बडवणारी म्हातारीसुद्धा घाबरली असेल. "तुमची तत्त्वं तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "माझं पोरगं बोलायला लागलंय. ते पुन्हा मुकं झालं तर तुमची तत्त्वं त्याच्याशी बोलणार आहेत का?" "आणि आपलं एक पोरगं त्या पत्त्यावर गेलं तर कोणाचं काय जातंय?" बाबा हळू म्हणाले, "वरच्या मजल्यावरच्या त्या व्हिएतनामी पोरीचं जातं. तिच्या आईला कोण पत्ता देणार आहे?" आईने त्या रात्री बाबांना वाढलं नाही. त्या दिवशी मी पूर्णपणे बाबांच्या बाजूची होते. आता मागे वळून पाहताना मला दोघांचंही खरं वाटतं.

मग पत्रक लिहायचं ठरलं, आणि बाबांनी ते माझ्यावर सोपवलं. मी अशी लिहायला बसले, जणू जगात माझ्याआधी कोणी लिहिलंच नव्हतं. 'या गावाच्या नागरिकांनो! तुमच्या नाकाखाली एक भिंत उभी राहते आहे!' पत्रक इंग्रजीत होतं, म्हणून आईला मराठीत सांगत वाचून दाखवलं. नागरिकांपाशीच तिचा हात थांबला. "आपण कुठे नागरिक आहोत? आपल्याकडे ग्रीन कार्ड आहे." मी 'शेजाऱ्यांनो' केलं. भिंतीपाशी पुन्हा हात थांबला. "भिंत कुठेय? रेघ म्हण." असं करत अर्धं पत्रक उडालं. शेवटी तिने विचारलं, "यात आनंद कुठेय?" बाबा म्हणाले, पत्रकात आपलं घर आणायचं नसतं. आई म्हणाली, "मग हे कोणाच्या घराचं आहे?" तरी आनंद पत्रकात आला नाही. राहिलं ते असं होतं: जी मुलं शाळेपर्यंत चालत जातात त्यांना दूर का पाठवता, रेघ आमच्याच दारापाशी का वळते, आणि आम्हाला कोणी विचारलं का. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि आमचा पत्ता. यंत्र खटक-सर्र करत फिरलं आणि हातभर गठ्ठा तयार झाला.

रविवारी सकाळी बाबा आणि मी टेकडीवर निघालो. नागपुरात बाबा पत्रक दाराखालून सरकवायचे. इथे तर प्रत्येक घरासमोर खांबावर पेटी, दार उघडायला सोपी, जणू पत्रकांसाठीच घडवलेली. आमच्या इमारतीत टपालाचे कप्पे भिंतीत होते, त्यांना किल्ली लागायची. असली पेटी आम्ही कधी वापरली नव्हती. प्रत्येक पेटीच्या बाजूला एक छोटी लाल झेंडी होती, खाली पाडलेली. बाबांनी एक झेंडी वर करून पाहिली. ती ताठ उभी राहिली.

"अरे वा," ते म्हणाले. "पत्रक आलं की झेंडी वर करायची. घरातल्याला खिडकीतूनच कळतं. काय डोकं आहे या लोकांचं!"

मीही तेच मानलं. पेटी उघड, पत्रक टाक, झेंडी वर. परत येताना आम्ही टेकडीच्या पायथ्याशी थांबून वळून पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल झेंड्या. बाबांचे डोळे भरून आले होते. "मोर्चासारखं दिसतंय," ते म्हणाले.

हा देश ज्यांना माहीत आहे ते आता हसत असतील. झेंडी वर म्हणजे पेटीत पाठवायचं टपाल आहे, पोस्टमनने घेऊन जावं. सोमवारी पोस्टमनने ते इमानदारीने उचललं. टेकडीवरच्या सगळ्या पेट्या रिकाम्या केल्या आणि आमची पत्रकं टपाल कचेरीत नेऊन ठेवली.

मंगळवारी संध्याकाळी दार वाजलं. दारात उंच, पांढऱ्या मिश्यांचा माणूस, अंगात टपाल खात्याचा कोट, हातात खोकं. "मी डोनेली, इथला पोस्टमास्तर," तो म्हणाला, आणि माझं नाव जमेल तसं वाचून विचारलं, "या कोण?" ज्याला पटत नाही त्याला आपलं दार सापडलं होतं. मी पुढे झाले. बाबांनी मला मागे ओढलं. "माझी मुलगी आहे. लहान आहे. जबाबदारी माझी." त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. नागपुरात बाबा पोलिसांच्या काठ्यांना घाबरले नव्हते, पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात ग्रीन कार्ड होतं, नोकरी होती, परत जायचं विमान होतं. आईने गॅस बंद केला.

डोनेली आत येऊन खुर्चीवर बसले आणि सांगू लागले. तिकीट न लावता टपालपेटीत काहीही टाकणं हा गुन्हा आहे. गावाचा नाही, देशाचा. बाबांनी डोळे मिटले. "तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे दिसतंच आहे," डोनेली पुढे म्हणाले, "कारण चोर खाली पत्ता लिहीत नाही. आणि झेंड्याही वर करत नाही." मग त्यांना हसू आवरेना. "माझा पोस्टमन म्हणाला, टेकडीवरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी कोणाला पत्रं लिहिली?" त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं. सगळी पत्रकं परत. "पुन्हा पेटीत टाकू नका. दारावर टकटक करा, हातात द्या. त्याला कायदा आडवा येत नाही."

बाबा धपकन खाली बसले. आईने न विचारता चहा ठेवला. मी पाहिलं, तिच्या ओठांवर हसू होतं.

चहा पिता पिता डोनेलींनी एक पत्रक वर काढलं. "आमच्या कचेरीत सगळ्यांनी वाचलं. चांगलं आहे. पण एक सांग मुली, मी वाचलं, मला राग आला, मी कोट घातला. आता जायचं कुठे?"

मी पाहिलं. बाबांनी पाहिलं. हद्दी पक्क्या करण्याआधी शाळा मंडळ लोकांचं म्हणणं ऐकणार होतं, त्या सुनावणीचा दिवस, वेळ, जागा, काहीच नव्हतं. आम्ही अन्याय लिहिला होता आणि सभा विसरलो होतो. आईने तोंडाला पदर लावला आणि ती इतकी हसली, इतकी हसली की आनंदही हसू लागला, का ते न कळता.

ती सगळी पत्रकं परत आली हे केवढं भाग्य! आम्ही प्रत्येकावर हाताने सुनावणीचा दिवस लिहिला आणि दारोदार निघालो. या वेळी आईही आली, साडीवर जाड कोट घालून. मी दारात उभी राहून मुद्दे मांडायचे आणि लोक सभ्यपणे दार लोटायला लागायचे. तेवढ्यात आई तिच्या इंग्रजीत म्हणायची, "माय सन टॉक ओन्ली वन रूम इन स्कूल. दे टेक द रूम." दार पुन्हा उघडायचं. बाबा फाटकाशी उभे राहून ऐकत होते. पत्रकात न आलेला आनंद टेकडीवरच्या प्रत्येक घरात जात होता, आणि त्यांनी एकदाही तिला थांबवलं नाही. वरच्या मजल्यावरची व्हिएतनामी बाई आमच्या इमारतीतली दारं वाजवत फिरली.

सुनावणी शाळेच्या जेवणघरात होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. प्रत्येकाला बोलायला थोडाच वेळ मिळत होता. माझी पाळी आली तेव्हा मी इतिहासापासून सुरुवात केली, आणि शिवेपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच वेळ संपल्याची घंटी वाजली. मी खाली बसले. मंडळाचे लोक समोरच्या कागदांकडे पाहत होते. एकाने समजावणीच्या सुरात सांगितलं की भाडेकरूंची कुटुंबं येत-जात असतात, त्यांच्या मुलांना शाळा बदलायची सवय असते. आई माझा हात घट्ट धरून होती. मला वाटलं, संपलं.

तेव्हा मागून बाक सरकल्याचा आवाज आला. जोगळेकर काकू उभ्या होत्या, रेशमी साडीत, जणू लग्नालाच आल्या होत्या. शेजारी काका त्यांचा पदर ओढत होते. "अगं बस, बस!" काकूंनी पदर सोडवून घेतला.

"मी टेकडीवर राहते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुमची ही रेघ माझ्या सोयीची आहे. मी या कुटुंबाला सांगितलं, माझा पत्ता लिहा, खोटं सांगा. त्यांनी नाही म्हटलं. कागदावरचा खोटा पत्तासुद्धा घेतला नाही. आता मी तुम्हाला विचारते, ज्या रेघेसाठी माझ्यासारख्या बाईला खोटं बोलावंसं वाटतं, ती रेघ कोणाच्या कामाची?"

मंडळासमोर, शेजाऱ्यांसमोर, काकूंनी आपला बेत स्वतःच उघडा केला होता. मागे कुठेतरी डोनेलींनी टाळी वाजवली, आणि मग टेकडीवरच्याच लोकांनी वाजवली. अध्यक्षबाई म्हाताऱ्या होत्या, पूर्वी शिक्षिका होत्या. त्यांनी चष्मा काढून नकाशा जवळ घेतला आणि विचारलं, महामार्गापलीकडे जी घरं अजून बांधून व्हायची आहेत, त्यांच्या मुलांना जुन्या शाळेत घातलं तर? तिथे अजून कोणी राहायलाच आलेलं नाही, कोणाची शाळा सुटणार नाही. बराच वेळ कुजबुज झाली. मग हात वर झाले. रेघ आमच्या इमारतींच्या मागून, ओढ्याकाठाने जाणार होती.

ती रेघ पुढे कोणाच्या ना कोणाच्या दारापाशी वळलीच. आज मी त्या गावात असते तर त्यांच्यासाठीही पत्रक काढलं असतं, सभेचा दिवस सगळ्यात वर लिहून. पण त्या संध्याकाळी मी रेघांचा विचार केला नाही. वाहनतळावर आई काकूंच्या गळ्यात पडली आणि काकू म्हणाल्या, "अगं, साडी चुरगळेल," आणि स्वतःच रडल्या. काका बाबांना म्हणाले, "आता महाराष्ट्र मंडळात मला कोणी सेक्रेटरी करणार नाही," आणि बाबा म्हणाले, "डॉक्टर, अभिनंदन!"

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या बैठकीमुळे फक्त माझ्या हायस्कूलला सुट्टी होती. आनंद नेहमीसारखा रस्ता ओलांडून गेला, दप्तर एका खांद्यावर. आई खिडकीत उभी राहून तो दारातून आत जाईपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, "मी जरा पडते." ही बाई दिवसा कधी पडलेली मी पाहिली नव्हती. तिने स्वयंपाक केला नाही, अंथरूण आवरलं नाही, केसही विंचरले नाहीत. दुपारी बाबांचा ऑफिसातून फोन आला.

"आई काय करतेय?"

"झोपलीय."

"बरं नाही का?"

मी दारातून डोकावले. आई पालथी झोपली होती, एक हात पलंगाखाली लोंबत होता, आणि ती चक्क घोरत होती.

"बरी आहे, बाबा," मी म्हटलं. "एकदम बरी आहे."

बाबा म्हणाले, "उठवू नकोस. येताना मी पिझ्झा आणतो."